सात नंबरच्या गाडीने जेवायला: क्वीन्समध्ये नव्याने आलेल्या दोघांसाठी

न्यू जर्सीतून किंवा मॅनहॅटनमधून न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला येणारं मराठी जोडपं बहुधा ठरावीक कामासाठी येतं. ७४व्या रस्त्यावरच्या पटेल ब्रदर्समधून महिन्याचं वाणसामान भरायचं, एखादा डोसा नाहीतर चाट खायचं आणि पिशव्या सावरत परतीची गाडी धरायची. त्याच रस्त्याच्या टोकाला रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यू आहे. वरच्या पुलावरून सात नंबरची सबवे गाडी धडधडत जाते आणि तिच्या खाली दोन-चार दुकानांगणिक देश बदलतो: तिबेट, नेपाळ, कोलंबिया, एक्वादोर, मेक्सिको. आत शिरावंसं वाटतं, पण काय मागवायचं, काय विचारायचं आणि दोघांपैकी एकाला आवडलं नाही तर काय, हे कळत नाही, म्हणून पाय पुन्हा डोशाकडेच वळतात. अशांसाठी हे लिहिते आहे.

आमच्या घरी मी बीफ सोडून सगळं खाते आणि नवरा शाकाहारी आहे, अंडं चालतं. म्हणजे अडचणी दुप्पट. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: नव्या जेवणाची सुरुवात तिथल्या नावाजलेल्या पदार्थापासून करू नये. आधी त्या लोकांची पोळी-भाकरी किंवा भात कोणता, ते शोधावं. पोट भरणारा तो पदार्थ कळला की बाकीचं त्याच्याबरोबर कशाने आणि किती खायचं, हे आपोआप कळतं. शिवाय हा पदार्थ बहुतेक ठिकाणी स्वस्त असतो, आणि पुष्कळदा शाकाहारीही.

निघण्याआधी, घरीच

दोघांनी आपापली ‘नाही’ची यादी वेगवेगळी करायची. तिच्यात दोन कप्पे ठेवा. पहिल्या कप्प्यात कधीच न चालणारं: अ‍ॅलर्जी, धर्म, तत्त्व. दुसऱ्यात नुसतं मन होत नाही ते: डुकराचं मांस, शिंपले, खूप आंबट, गार नूडल्स, जे काय असेल ते. पहिल्या कप्प्यावर वाद नाही. दुसऱ्यातलं एखादं कधीतरी इकडचं तिकडे होऊ शकतं, पण ते ज्याचं त्याने ठरवायचं. जोडीदाराने कोपराने ढोसून नव्हे.

शाकाहारी माणसाने यापुढेही थोडा विचार करून ठेवावा. भाजीच्या सुपात कोंबडीचा रस्सा असेल तर चालेल का? थाई सॅलडमधला फिश सॉस? मेक्सिकन घेवड्यात घातलेली डुकराची चरबी? त्याच तव्यावर मांस भाजलेलं असेल तर? याची उत्तरं घरच्या सोफ्यावर शांतपणे देता येतात. काउंटरवर, मागे रांग आणि समोर घाईत असलेली बाई असताना, नवरा-बायकोची तात्त्विक चर्चा फार केविलवाणी दिसते.

कॅलेंडरही बघा. शनिवार मोकळा म्हणून बेत ठरतो आणि नेमकी त्याच दिवशी चतुर्थी निघते. दोघांपैकी एक जण फक्त ताक पीत बसणार असेल, तर तो बेत पुढच्या आठवड्यावर ढकललेला बरा.

पहिली जागा: नेपाळी-तिबेटी

बहुतेक जण थाई किंवा मेक्सिकनपासून सुरू करतात, कारण नावं ओळखीची असतात. मी उलट सांगेन. या दोन्ही पाककृतींची साखळी हॉटेलांतली रूपं आपण आधी खाल्लेली असतात आणि खऱ्या ठिकाणी गेल्यावर तीच आठवत बसतो. शिवाय शाकाहारी माणसासाठी दोन्हीत लपलेले सापळे आहेत. सुरुवात जॅक्सन हाइट्सच्या नेपाळी-तिबेटी खाणावळींतून करा. इथल्या अनेक तिबेटी माणसांचं लहानपण भारतात गेलेलं आहे, नेपाळी मंडळींनाही हिंदी येतं, त्यामुळे प्रश्न विचारायला भीड वाटत नाही. काही पाट्या तर देवनागरीतच असतात. नेपाळी जागेत ‘दाइ’ (म्हणजे दादा) किंवा ‘दिदी’ म्हणून हाक मारली की पुढचं संभाषण सोपं जातं.

मोमो तर मागवालच. पण आधी विचारा, सारण कशाचं? तिबेटी पद्धतीत नुसतं ‘मोमो’ म्हटलं की पुष्कळदा बीफचे येतात. मोमो खाताना आधी कडेला लहानसा चावा घेऊन आतला रस शोषायचा, मग उरलेला खायचा. थेट चावलात तर रस शर्टावर येतो.

मोमोच्या पुढे जायचं असेल तर तिथली पोळी-भाकरी शोधा. तिबेटी बाजूला ‘तिंगमो’ आहे: आंबवलेल्या गव्हाच्या पिठाचा, पदर सुटणारा, वाफवलेला पाव. तो तोडून रश्शात बुडवायचा. शाकाहारी माणसाने त्याच्याबरोबर तिखट बटाटे, म्हणजे ‘शोगो खात्सा’, मागवावेत. नेपाळी बाजूला ‘ढिंडो’: कोदो किंवा फापराच्या (कुट्टूच्या) पिठाचा घट्ट गोळा. हा कोदो म्हणजे आपली नाचणी. बोटांनी लहान गोळा तोडायचा, डाळीत किंवा गुंद्रुकच्या रश्शात बुडवायचा आणि फारसा न चावता गिळायचा. गुंद्रुक ही आंबवून वाळवलेली पालेभाजी. तिचा आंबूस वास पहिल्यांदा नाकाला खटकतो. कोकणात किंवा घाटावर नाचणीची उकड खाल्लेल्यांना ढिंडो जड जात नाही. बटाटा आणि मैद्यावर वाढलेल्यांना मात्र तो ‘बेचव’ वाटतो. बेचव असणं हेच त्याचं काम आहे, तिखट-आंबट सगळं शेजारच्या वाटीत असतं.

‘लाफिंग’ दुसऱ्या खेपेला ठेवा. स्टार्चची गार, बुळबुळीत, पिवळी किंवा पांढरी पट्टी, तिच्यावर लसूण, सोया सॉस आणि लालभडक मिरचीचं तेल. बहुधा शाकाहारी असते. पण इथे बऱ्याच जणांचं अडतं, आणि अडतं ते तिखटाने नव्हे, स्पर्शाने. आपल्याकडे तिखट पदार्थ गरम असतो आणि गुळगुळीत पदार्थ गोड. गार, गुळगुळीत आणि तिखट हे तिन्ही एकदम तोंडात आलं की जीभ गोंधळते. ‘मला हे आवडत नाही’ असं ठरवण्याआधी नक्की काय आवडलं नाही ते एकमेकांना सांगून बघा: चव, वास, तापमान की स्पर्श? पुढच्या वेळी मागवताना याचा मोठा उपयोग होतो.

आत शिरण्यापूर्वी काय बघायचं

खिडकीतलं अक्षर. न्यूयॉर्क शहराचा आरोग्य विभाग २०१०पासून रेस्टॉरंटांना तपासणीनंतर ए, बी, सी अशी श्रेणी देतो आणि ती दर्शनी भागात लावावी लागते. चुकांचे गुण मोजतात, त्यामुळे जितके कमी तितकं चांगलं: १३पर्यंत ए, १४ ते २७ बी, २८ आणि पुढे सी. ‘ग्रेड पेंडिंग’ची पाटी असेल तर श्रेणी अजून ठरायची आहे, एवढंच. या अक्षराचा चवीशी काही संबंध नाही. मी बी असलेल्या जागी खाते, सीच्या पाटीसमोरून पुढे जाते. तुमची रेघ तुम्ही ओढा.

वेळ. दुपारी साडेअकरा-बाराला किंवा संध्याकाळी साडेपाचच्या आसपास जा. तेव्हा काउंटरवरच्या माणसाला बोलायला सवड असते. शनिवारी रात्री आठला कुणी तुम्हाला गुंद्रुक समजावून सांगणार नाही.

आणि खिशात रोख ठेवा. छोट्या जागांतून अजूनही ‘कॅश ओन्ली’ची चिठ्ठी चिकटवलेली दिसते.

मका आणि कंद: कोलंबिया, मेक्सिको

रूझवेल्टवरून ८२व्या रस्त्याकडे चालत निघालात की बेकऱ्या लागतात. कोलंबियन बेकरी हे घाबऱ्या जोडप्यासाठी उत्तम ठिकाण, कारण काचेमागे सगळं दिसतं आणि बोट दाखवलं की काम होतं. ‘पानदेबोनो’ घ्या, गरम असेल तेव्हाच: कसाव्याच्या स्टार्चमध्ये चीज घालून भाजलेला, बाहेरून कडक आणि आतून ताणला जाणारा गोळा. आपला साबुदाणाही याच कंदाचा. पण त्यात अंडं असतं, म्हणून उपवासाला चालेल का असा प्रश्न फोनवर आईला विचारू नका. सोबत फळांचा रस मागवा. पाण्यातला हवा की दुधातला, एवढं ते विचारतील. ‘ग्वानाबाना’ म्हणजे आपलं लक्ष्मणफळ, ते दुधात छान लागतं. ‘लुलो’ आंबट असतो, तो पाण्यातच बरा.

इथली भाकरी म्हणजे ‘अरेपा’, मक्याच्या पिठाची. चीज घातलेली शाकाहारी माणसाला पुरते. ‘बांदेहा पाइसा’ नावाचं मोठं ताट सगळ्या टेबलांवर दिसेल: भात, घेवडा, खिमा, डुकराची तळलेली चरबीदार कातडी, सॉसेज, अंडं, केळं, अ‍ॅव्होकाडो. मांस खाणाऱ्या दोघांना एक पुष्कळ झालं. एक जण शाकाहारी असेल तर हे ताट मागवून ‘यातलं तू तेवढं उचल’ असं करू नका. घेवडाही बहुधा मांसाबरोबर शिजलेला असतो.

मेक्सिकन जागेत टॉर्टिया, म्हणजे मक्याची पातळ पोळी, बघा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून, दळून तिचं पीठ होतं. त्याने साल सुटतं, पीठ बांधलं जातं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. ताजी टॉर्टिया असेल तिथे चुन्याचा तो किंचित वास येतो. शाकाहारी माणसाने ‘त्लाकोयो’ शोधावा, घेवडा भरलेली लांबट जाड भाकरी, वर निवडुंगाच्या पट्ट्या. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली टॉर्टिया, हीही चांगली. आणि धीर असेल तर ‘विट्लाकोचे’. शेतकऱ्याच्या घरातला वाचक हे बघून हादरेल, कारण ही मक्याच्या कणसावर पडणारी काणीच आहे. आपण ज्वारीवर काणी दिसली की कणीस उपटून टाकतो. मेक्सिकोत ती कांद्या-मिरचीवर परतून खातात. काळपट दिसते, चव अळंबीच्या जवळची.

इथे ‘शाकाहारी’ एवढंच सांगून भागत नाही. ‘सिन कार्ने’ (बिनमांसाचं) म्हटल्यावरही कोंबडी येऊ शकते. चालत नसलेल्या वस्तूंची नावं घ्या: पोयो (कोंबडी) नको, पेस्कादो (मासे) नको, मांतेका नको. शेवटचं म्हणजे डुकराची चरबी, आणि घेवड्याच्या लगद्यात ती असते. लाल भातात कोंबडीचा रस्सा असू शकतो, तेही विचारा.

दोघांनी मागवायची पद्धत

कुठेही गेलात तरी पहिल्या फेरीत तीनच गोष्टी मागवा: एक पोट भरणारी, एक त्या जागेची खासियत, आणि एक दोघांनाही नक्की जाईल अशी. उरलेली भूक बघून पुढचं. अमेरिकेतली ताटं मोठी असतात आणि नवलाईच्या भरात माणूस पाच गोष्टी मागवून बसतो.

खासियत कशी ओळखायची? ‘तुमच्याकडे चांगलं काय आहे’ असं विचारलं की परदेशी पाहुण्याला झेपेल असा पदार्थ सुचवतात. त्याऐवजी शेजारच्या टेबलाकडे नजर टाका आणि ते काय आहे ते विचारा. एकट्या आलेल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या ताटावर माझा सर्वांत जास्त विश्वास.

पदार्थात बदल करायला सांगू नका. जे चालत नाही त्याने बनलेला पदार्थच टाळा, दुसरा निवडा. आणि टेबलावरच्या चटण्या आधी ताटाच्या कडेला घ्या, थेट पदार्थावर ओतू नका.

आंबट-गोड-खारट: एल्महर्स्टचं थाई

थाईकडे आता वळा. एल्महर्स्टमध्ये थाई वस्ती आहे, त्यांचं बौद्ध मंदिरही आहे, आणि खाणावळी मुख्यतः त्यांच्याच माणसांसाठी चालतात. भात चमच्याने खायचा, काट्याने फक्त चमच्यावर ढकलायचं, चॉपस्टिक नूडल्सपुरत्या. चिकट भात मात्र हातानेच: बांबूच्या डबीतून घास काढून बोटांनी दाबायचा आणि ‘लाब’ (खिम्याचं सॅलड) किंवा कच्च्या पपईच्या ‘सोम तम’ला लावायचा. हाताने खायची सवय इथे कामी येते.

नूडल्सबरोबर चार वाट्यांचा संच येतो: साखर, मिरचीची पूड, मिरची घातलेला व्हिनेगर, फिश सॉस. नूडल्स फिक्या लागल्या म्हणून चेहरा पाडू नका, शेवटची चव खाणाऱ्याने जुळवायची असते. तिखट किती, असं विचारतील तेव्हा ‘आम्ही भारतीय आहोत’ हे उत्तर देऊ नका. मधलं मागा.

सोम तममध्ये फिश सॉस आणि सुकी कोळंबी असते, करीच्या मसाल्यात कोळंबीची पेस्ट. शाकाहारी माणसाने ‘जे’ आहे का, असं विचारावं. हे बौद्धांचं व्रताचं जेवण, त्यात मांस-मासे-अंडी तर नाहीतच, लसूण-कांदाही नाही. म्हणजे एकादशी पाळणाऱ्या आजीलाही हा विचार परका वाटणार नाही.

शेवटचं स्थानक: फ्लशिंग

मेन स्ट्रीटला उतरलात की पहिल्यांदा गर्दीनेच माणूस बावरतो. तिथल्या मॉलच्या तळघरांत फूड कोर्ट आहेत, न्यू वर्ल्ड मॉलचं त्यातलं सर्वांना माहीत असलेलं. बहुतेक स्टॉल चीनच्या एकेका प्रांताचे. जोडप्याचा फायदा इथे खरा कळतो: एकाने टेबल धरून बसायचं, दुसऱ्याने फेरी मारायची, मग अदलाबदल. एकटा माणूस तिथे ट्रे हातात घेऊन फिरत राहतो.

भाषेचा प्रश्न फोनने सोडवा. ‘मी मांस, मासे, कोंबडी, त्यांचा रस्सा खात नाही’ हे वाक्य चिनीत लिहून त्याचा फोटो जपून ठेवा आणि स्टॉलवर दाखवा. नुसत्या ‘टोफू’वर विसंबू नका, प्रसिद्ध ‘मापो टोफू’त खिमा असतो. शाकाहारी माणसासाठी सुरुवात ‘ल्यांगपी’ने: गव्हाच्या पिठातलं ग्लूटेन धुऊन वेगळं काढतात, उरलेल्या स्टार्चच्या गार, रुंद पट्ट्या होतात, आणि ते ग्लूटेनही स्पंजासारखं वर येतं. व्हिनेगर, मिरचीचं तेल, काकडी. लाफिंगशी झगडून झालेलं असेल तर हे सोपं जातं, म्हणूनच ते आधी सांगितलं.

मग सिचुआन. तिथली मिरी जीभ बधिर करते, आणि नवख्याला वाटतं की आपल्याला काहीतरी झालं. ही मिरी आणि मालवण-गोव्याकडचं तिरफळ एकाच वंशातल्या झाडांची फळं आहेत. बांगड्याच्या आमटीत तिरफळ चुकून दाताखाली आलेल्याला ती झिणझिण ओळखीची वाटेल, फक्त इथे ती चुकून नाही, मुद्दाम आणि मूठभर असते. पाणी पिऊन काही होत नाही. साधा भात खा आणि दोन मिनिटं थांबा. पहिल्या भेटीत दोघांनी मिळून असा एकच पदार्थ घ्या.

दोघंही उपाशी राहिलात तर बाऊन स्ट्रीटवरच्या गणपतीच्या देवळाचं कँटीन आहे, डोसा-इडली मिळते. मेन स्ट्रीटवरून चालायला वीसेक मिनिटं लागतात.

एकाला आवडलं नाही तर

तीन घास खाऊन बघायचं, मग सोडून द्यायचं. चौथ्याचा आग्रह नाही. तोंड वाकडं करणं, नाकाला रुमाल लावणं, मराठीत शेरे मारणं हे सगळं बाहेर पडल्यावर. जॅक्सन हाइट्समध्ये शेजारच्या टेबलावर कुणाला मराठी कळेल सांगता येत नाही. उरलेलं डब्यात बांधून मागा, इथे त्यात काही कमीपणा नाही.

‘हे तर आपलं धिरडंच’ असं म्हणायची सवय पहिल्या भेटीपुरती ठेवा (या लेखात मी ती किती वापरली आहे ते मोजू नका). अशा तुलनेने पहिला घास धिटाईने आत जातो. दुसऱ्या भेटीपासून मात्र ती आड येते, कारण मग अरेपा धिरड्यासारखी नाही म्हणून नापास होते.

बिल

शहरात जेवणावर ८.८७५ टक्के टॅक्स लागतो. टेबलावर वाढत असतील तर १५ ते २० टक्के टिप. हिशोबाची सोपी रीत म्हणजे टॅक्सच्या आकड्याची दुप्पट. मोठ्या गटाच्या बिलात टिप कधी कधी आधीच धरलेली असते, तेवढं बघा. काउंटरवरून स्वतः उचलून आणलं तर टिपेची सक्ती नाही; स्क्रीन तोंडासमोर फिरवली तरी संकोच नको.

त्याच जागी पुन्हा

दर शनिवारी नवा देश, अशी यादी करत सुटू नका. एका जागी महिन्याभरात दुसऱ्यांदा जा. एक पदार्थ मागचाच मागवा, एक नवा. छोट्या जागेत चेहरा लक्षात राहतो. मग मेनूवर नसलेली भाजी, घरच्यांसाठी केलेली चटणी न मागता पुढे येते. शाकाहारी माणसाला तर याचा फारच फायदा, कारण काय चालतं ते पुन्हा सांगावं लागत नाही.

यापुढे जायचं झालंच, तर फॉरेस्ट हिल्स-रेगो पार्ककडे बुखारी (मध्य आशियातून आलेल्या) ज्यूंच्या खाणावळी आहेत, त्यांचा घुमटासारखा फुगलेला कुरकुरीत ‘नोनी तोकी’ नान जरूर खा. पण त्या कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे नियम पाळणाऱ्या असतात, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी अंधार पडेपर्यंत बंद. वुडसाइडचं फिलिपिनो जेवण मांस खाणाऱ्यांसाठी मजेचं आहे. नारळाच्या दुधातली अळूची पानं, ‘लाइंग’, बघून अळूच्या फतफत्याची आठवण येते. पण तिच्यातही बहुधा सुकी मासळी किंवा डुकराचं मांस असतं.

आई-बाबा आल्यावर

सांगली-सातार्‍याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना, सासू-सासऱ्यांना कुठे न्यायचं, हा प्रश्न पुढे येतोच. दोन जागा. एक, नेपाळी खाणावळीतली थकाली थाळी: भात, डाळ, पालेभाजी, लोणचं, तूप, हाताने खायचं, शाकाहारी मागता येते. दुसरी, अ‍ॅस्टोरियातल्या स्टाइनवे स्ट्रीटच्या इजिप्शियन टापूतली ‘कोशरी’: भात, मसूर, मॅकरोनी, छोले, टोमॅटोचा सॉस आणि वर कुरकुरीत तळलेला कांदा, सगळं एका वाडग्यात. पूर्ण शाकाहारी, आणि लसूण-व्हिनेगरचं पाणी वेगळं देतात. बरोबर बाकल्याच्या दाण्यांची हिरवी ‘तामेया’ भजी मागवा. रमजानमध्ये या जागांचं वेळापत्रक संध्याकाळकडे सरकतं आणि सोमवारी काही लहान जागा बंद असतात, तेव्हा आधी फोन करा, आणि बाबांना जिना चढवत नाही असं असेल तर गाडीने जा. तिथली सगळी सबवे स्थानकं लिफ्टवाली नाहीत.